खेळासाठी संगणक घेताना काय पारखावे?



सोयाबीनची पट्टी हाती पडली, की लातूरला शिकायला ठेवलेला मुलगा म्हणतो, "आबा, मोठे खेळ चालतील असा संगणक घ्या." सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आपल्या भागातील कितीतरी रानांत पाणी साचले. त्यानंतरचा प्रत्येक रुपया जपून टाकायचा आहे. संगणक घ्यायचा की नाही, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. पण घ्यायचाच असेल, तर सात-आठ वर्षे टिकेल असा घ्यावा.

बैल घेताना आपण रंगवलेली शिंगे पाहत नाही. दात, खूर आणि चाल पाहतो. संगणकाच्या पेटीतले रंगीत दिवे म्हणजे रंगवलेली शिंगेच समजा.

लॅपटॉप परगावी नेता येतो, पण त्यातले ग्राफिक्स बहुधा बोर्डालाच पक्के जोडलेले असते. ते पुढे बदलता येत नाही, शिवाय आत उष्णता कोंडते. वर्षे काढायची असतील तर टेबलावरचा संगणक बरा.

विहिरीचे पाणी पाहून मोटार बसवतात, तसा आधी पडदा ठरवावा आणि मग ग्राफिक्स कार्ड. साध्या फुल एच.डी. पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. कामही त्याच मानाने वाढते. फुल एच.डी. पडदा पुरेसा मानला तर पुष्कळ पैसा वाचतो. मात्र कार्डावरची मेमरी नव्या खेळांना ८ जी.बी. अपुरी पडू लागली आहे. १२ किंवा १६ पाहावी.

रॅम १६ जी.बी. घेऊन एक खाचा रिकामा ठेवावा, गरजेप्रमाणे नंतर भरता येतो. बोर्ड मात्र असा घ्यावा, की पुढचा प्रोसेसरही त्यात बसेल. ए.एम.डी. कंपनीचा एएम-४ हा साचा २०१६ सालचा. त्यात बसणारे नवे प्रोसेसर २०२२ सालीही निघाले. जुना संगणक स्वस्त मिळाला तरी त्यावर विंडोज ११ चालते का, हे विचारावे. विंडोज १० ची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे.

आता विजेचे. येथे माझीच चूक सांगतो. घरच्या संगणकाला मी दोन हजार रुपये वाचवून हलका पॉवर सप्लाय घेतला. एका वैशाखात संध्याकाळी वीज गेली, आली आणि बोर्ड जळाला. मुलाने एका शब्दानेही बोल लावला नाही, याचेच जास्त वाईट वाटले. तेव्हा पॉवर सप्लाय नामांकित, पाच वर्षांच्या हमीचा घ्यावा. यू.पी.एस. घेताना व्ही.ए. नव्हे, वॅटचा आकडा वाचावा. तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की प्लग काढून ठेवावा.

मळणीच्या दिवसांत भुसा-धूळ आत जाते. दर दोन महिन्यांनी संगणक बंद करून मऊ ब्रशाने पंखे झाडावेत. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पेटी भिंतीला चिकटवू नये. तिला वारा लागू द्यावा.

शेवटी, सामानाची यादी मुलालाच लिहायला सांगा, दोन दुकानांतून लेखी भाव आणा आणि पक्के बिल घ्या. यादी करताना प्रत्येक वस्तू कशासाठी, हे त्याला विचारा. त्याला सांगता आले नाही, तर ती वस्तू अजून घेऊ नका.