बाची दि दामा आणि दाण्याचं कूट

काजू घाला, दाणे घाला, हवं तर पंढरपुरी डाळं घाला, माझी काही हरकत नाही. फक्त मग त्याला 'बाची दि दामा' म्हणू नका. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यावरून घरच्या मंडळींनी मला 'कर्मठ' ठरवून टाकलंय! म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा इटलीतल्या पिएमाँते प्रांतातला, तोर्तोना गावचा पदार्थ. हेझलनटच्या पिठाच्या दोन छोट्या अर्धगोल खटाया, मध्ये चॉकलेट. नावाचा अर्थ 'बाईसाहेबांचे मुके'. दोन ओठ जुळल्यासारखं दिसतं म्हणून. आमच्याकडे इंग्रजी वळणाने वाचणारे त्याला 'बासी दी दामा' म्हणतात, म्हणजे थेट शिळंच करून टाकतात. इटालियनमध्ये तिथे च आहे हो, बाची. मला ही कृती तोरिनोला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने शिकवली, त्यामुळे आमच्या घरी तिचं नाव 'भाचीची बाची'. असो.

कृती इतकी सोपी की लपायला जागा नाही. हेझलनट, मैदा, लोणी, साखर, चारही वजनाने सारखे. शंभर शंभर ग्रॅम घ्या. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. वाटीने मोजू नका. वाटीभर कूट आणि वाटीभर लोणी यांचं वजन सारखं भरत नाही, हे चौथीच्या मुलालाही पटतं. हेझलनट मंद भाजून पंच्यात गुंडाळून चोळायचे, दाण्यांची सालं काढतो तसे. पूर्ण गार झाल्यावर त्यातली थोडी साखर घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. एकदम फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो. दाण्याचं कूट करणाऱ्या कुठल्याही बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही, आणि मला त्या भाजलेल्या वासाने पहिल्यांदाच तो पदार्थ आपल्या माजघरातला वाटला होता.

मळलेला गोळा तासभर फ्रीजमध्ये. हे चुकवू नका, नाहीतर ओव्हनमध्ये गोळी पसरून चकती होते. आठ आठ ग्रॅमच्या गोळ्या वळा. चारशे ग्रॅमच्या पन्नास, म्हणजे पंचवीस जोड्या (दोन-चार वळताना पोटात जातातच). दीडशे-एकशे साठ अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं. बुड आपोआप सपाट होतं, वर घुमट राहतो. गरम असताना हात लावाल तर भुगा. गार झाल्यावर एकीच्या बुडाला वितळलेलं डार्क चॉकलेट, पण थोडं आळलेलं, नाहीतर वरची खटाई घसरते.

आता मुद्द्यावर. घरच्यांचा युक्तिवाद असा, की गरिबाने काय करायचं? आपल्याकडे हेझलनट बाहेरून येतात, महाग असतात. मान्य. आणि ते असंही म्हणतात की इटालियन लोकांनी तरी दुसरं काय केलं? हेही खरंच. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, कोको दुर्मिळ झाला आणि तोरिनोच्या चॉकलेटवाल्यांनी लांगेच्या टेकड्यांवरचे हेझलनट वाटून त्यात घातले, अशी तिथली रूढ कथा आहे. म्हणजे काटकसरच. पण पुढचं बघा ना! त्या मिश्रणाला त्यांनी चॉकलेट म्हणून खपवलं नाही. तोरिनोच्या कार्निव्हलमधल्या 'जांदूया' या सोंगाचं नाव त्याला मिळालं, १८६५ मध्ये त्याच्या वड्या आल्या आणि आज लोक जांदूया मागून घेतात. शेजारच्या लिगूरियातल्या आलास्सियोत पिठातच कोको घालून वेगळा प्रकार केला, तर त्याला आपल्या गावाचं नाव दिलं. तोर्तोनाकडे बदामाचीही बाची करतात, ती बाचीच. पण बदामाची आहे हे सांगून.

शिवाय बदलीचा जिन्नस मुकाट बसत नाही. हेझलनटमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास तेल, दाण्यात पन्नासच्या जवळपास, काजूत त्याहून कमी. मग 'चारही सारखे' हा हिशेब कोलमडतो. दाण्याचं पीठ कोरडं पडतं, लोणी वाढवावं लागतं. म्हणजे पदार्थ वेगळा झाला की नाही?

पण मी हट्टाला पेटले त्याचं कारण चव नाही. आमच्या नात्यात एका सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. साधी खाज नव्हे, श्वास अडकतो. त्याला हेझलनट चालतात, तशी तपासणी झाली आहे. मागच्या वर्षी एका बेकरीतून 'हेझलनट बाची' म्हणून खोका आणला. वास ओळखीचा वाटला म्हणून मी फोन करून विचारलं, तर पलीकडचा मुलगा सहज म्हणाला, "आजी, दाणेच असतात, वरून इसेन्स." सहज! खोका तोवर टेबलावर उघडा होता आणि पोरगं हात धुवायला गेलं होतं.

त्या मुलाची चूक मी मानत नाही, त्याला तसंच शिकवलेलं असणार. पण नाव म्हणजे नुसती शोभा असते असं म्हणणाऱ्यांनी तो खोका आठवावा. बाटलीबंद चॉकलेट-हेझलनट लेपाचं तेच. युरोपातल्या न्युटेलाच्या लेबलवर हेझलनट तेरा टक्के लिहिलेले असतात. कमी वाटतात ना? पण लिहिलेले असतात, घेणाऱ्याने ठरवावं.

दाण्याच्या मीही करते, चहाबरोबर फार छान लागतात. लोणी शंभरऐवजी एकशे दहा ग्रॅम घेते आणि चिमूटभर मीठ. डब्याला चिठ्ठी असते, 'शेंगदाण्याची जोडखटाई', मोठ्या अक्षरात. तो मुलगा आता वाचायला शिकलाय, आणि तो डबा मी तरीही वरच्याच फळीवर ठेवते.