विद्या हाताची

"कॉलेजात जाऊन शेवटी लोकांचे पाय चोळणार ना?" अमेरिकेत फिजिओथेरपी-साहाय्यक होऊ पाहणाऱ्या मुलाविषयी आपल्या दिवाणखान्यातून हाच उद्गार निघतो. हे निव्वळ अज्ञान आहे, आणि त्याची किंमत घरातली वडीलधारी माणसे मोजतात.

तिकडे १९६७ पासून या पेशाला मान्यता आहे. कॉलेजची दोन वर्षे, शरीररचना, स्नायूंच्या हालचाली, इस्पितळातले प्रत्यक्ष काम. पुढे राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना! उपचारांची आखणी थेरपिस्टने करायची. ती रोग्याच्या देहात उतरवायची साहाय्यकाने. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजली, गरम लागली, तर ती चोळायची नाही. तिथेच थांबून वर कळवायचे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. हे थांबणेसुद्धा शिकावे लागते.

आपल्याकडेही २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्यसेवेतील व्यावसायिकांना किमान २,००० तासांचे शिक्षण घालून दिले आहे. कायदा झाला, आपली दृष्टी कोण बदलणार? आजीचे खुब्याचे हाड मोडले की आपण स्वस्तातला मालीशवाला शोधतो, आणि ती अंथरुणाला खिळली की नशिबाला बोल लावतो! वाचकहो, नशिबाला कशाला दोष द्यायचा? हाताने केलेल्या कामात विद्या असते, हेच आपण मानायला तयार नाही.