साखर आहे, साखर!

पुतण्याची मुलगी सुट्टीला आलीय आणि येताना सराववही घेऊन आलीय. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, व्याकरणाचं पुस्तक माझ्या हाती लागलं की घरातली माणसं आपापल्या कामाला पांगतात. पोरगी तेवढी सापडली.

वहीत चौकट टाकून युक्ती छापलीय : सारखा, जसा, प्रमाणे असं काही दिसलं की उपमा, नाही दिसलं की रूपक. पोरीनं ‘बाळ सारखं रडतं’ पुढे ठोकून दिलं, उपमा! कशाची गं, म्हणून विचारलं. “आजोबा, ‘सारखं’ आहे ना? मग झालं तर.”

तिला काय बोलणार? या हिशेबानं ‘गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटेल’ ही घोषणाही काव्यच. ‘दादा बाबांसारखा दिसतो’ यात कसला आलाय अलंकार? ती नुसती माहिती. आणि ‘नाही दिसलं की रूपक’ म्हणजे तर कहरच! ‘वीज गेली’ हे रूपक? चौकट छापणाऱ्यानं कशाला काय म्हटलंय हे विचारायचंच ठेवलं नाही. मुलांनी फक्त शब्द हुडकायचे, वाटाणे निवडल्यासारखे.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार मोजून चार : उपमा, रूपक, दीपक, यमक. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं तर रूपक म्हणजे भेद झाकलेली उपमा, असं सांगून टाकलं. मुख कमळासारखं म्हटलं की दोन्ही वेगळी राहतात. मुखकमल म्हटलं की एकच होतात.

भेद झाकावा कसा, हे आमच्या नाक्यावरच्या आंबेवाल्याला विचारा. पोरीला घेऊन गेलो. “साखरेसारखा आहे ना रे?” तर भडकलाच. “सारखा-बिरखा नाय काका, साखर आहे साखर!” आता ‘सारखा’ म्हटलं की थोडं कमी-जास्त आलं, म्हणजे घासाघीस आली. साखरच म्हटल्यावर भाव काय करणार? पोरगी कानात कुजबुजली, “रूपक!” त्या आनंदात मी एक डझन घेतले, सांगितलेल्या भावानं.

घरी कापले. निम्मे आंबट. बायकोनं पहिली फोड तोंडात टाकून नुसतं “चिंच!” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला धरलं. साखर म्हणाला होतास ना? तो पेटीतलं गवत सारखं करत म्हणाला, “ते म्हणायचं असतं काका. साखर पायजे तर समोर वाणी आहे.”