यंत्र कानाच्या मापाचे हवे

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला तेथला कारागीर प्रथम किमतीचे विचारीत नाही. "गाणार कोण? पुरुष की बाई? स्वर कोणता?" एवढे कळल्याखेरीज तो भोपळा निवडायला उठत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा निराळा, काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा निराळा. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सारेच बदलते. फरीदसाहेबांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, मिरजेत हा धंदा चालला आहे. २०२४ साली तेथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन वाद्याला मिळाले असले तरी मला त्या कारागिराच्या पहिल्या प्रश्नाचे मोल अधिक वाटते.

हे आठवायला निमित्त झाले ते एका हेडफोनचे.

बेळगुंदी हे माझे आजोळ. महिन्यातून एका रविवारी कागल, निपाणी, संकेश्वर करीत मी बेळगावला उतरतो आणि तेथून पश्चिमेला बेळगुंदीला जातो. मामांच्या सोप्यावर पाच-सहा मुले गाणे शिकायला बसतात. मधल्या दिवसांत फोनवरून जमेल तेवढे चालते. त्यांत नववीतली एक मुलगी आहे. घर शेतकऱ्याचे, भाताचे आणि रताळ्याचे. गळा गोड आणि मेहनतीला मागेपुढे पाहणारी नाही. ती फोनमधल्या तंबोऱ्यावर रियाज करते हे पाहून तिच्या वडिलांनी बेळगावच्या बाजारातून एक भारी, बिनतारी, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणला. मला दाखवून म्हणाले, "सर, यंदा रताळी बरी गेली. पोरगीला घ्यायचं तर चांगलंच घेऊया म्हटलं." मीही कौतुक केले. कुणासाठी आणि कशासाठी, हे मात्र मी विचारले नाही.

त्यानंतर तिने पाठवलेली ध्वनिमुद्रणे बिघडू लागली. फोनमधला तबला कानात ऐकत ती गाई, फोन तिचा आवाज टिपून घेई आणि दोन्ही एकत्र करून मला पाठवी. ऐकावे तर समेवर बाई नेहमी उशिरा. मी रागावलो. "सर, मला कानात बरोबरच ऐकू येतंय," ती म्हणाली. मी ते उत्तर उद्धटपणात जमा केले. दुसऱ्या महिन्यातही तेच झाले, तेव्हा या खेपेला हिचा परीक्षेचा अर्ज भरू नये असे मी ठरवले. लयीत कच्च्या मुलीला पुढे ढकलू नये ही माझ्या वडिलांची शिकवण. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले, तेव्हा वडील दरबारच्या गवयांत सर्वांत लहान, नुकती विशी ओलांडलेले होते. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे शेंडेफळ. त्यांची शिस्त माझ्या वाट्याला पुरेपूर आली, धीर मात्र तितका आला नाही.

पुढच्या रविवारी बेळगुंदीला मी स्वतः ठेका धरला आणि तिला गायला सांगितले. एकही सम चुकली नाही. तेथेच तिची जुनी मुद्रणे पुन्हा ऐकली, तेव्हा जे पहिल्याच दिवशी ध्यानात यायला हवे होते ते आले. लयीत कच्चा माणूस कधी पुढे धावतो, कधी मागे राहतो. हिचे अंतर मात्र पहिल्या मात्रेपासून शेवटापर्यंत एकसारखे होते. चूक गळ्याची नव्हती, बिनतारी यंत्राची होती. अशा हेडफोनमध्ये फोनमधला ध्वनी आधी आवळून बांधला जातो, मग हवेतून जातो आणि कानाशी उलगडला जातो. या खटाटोपात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज निघून जातो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे तबला तिच्या कानी पोचेपर्यंत पाव मात्रेहून अधिक काळ सरलेला असे. ती कानातल्या तबल्याबरोबर बिनचूक गात होती, आणि मी तिला बेलयीची ठरवीत होतो.

एकदा डोळे उघडल्यावर दुसरेही दिसले. कान झाकून गाताना आपलाच आवाज हाडांतून आत घुमतो आणि बाहेरून येणारा आवाज तुटतो. वाचकांनी क्षणभर दोन्ही कानांत बोटे घालून 'सा' लावून पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. चित्रपटाचे गायक ध्वनिमुद्रणाच्या वेळी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून ठेवतात ती याचसाठी. शिवाय हा हेडफोन खर्ज फुगवणारा होता. नाचाच्या गाण्यांना ते शोभते. पण खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो त्या घुमाऱ्यात बुडून जातो. ज्या मुलीला गंधार ऐकायला शिकायचे आहे, तिच्या कानावर आम्ही गोधडी पांघरली होती.

आमच्या जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना ही हकीकत सांगितली की ते लगेच म्हणतात, "म्हणूनच आम्ही म्हणतो, ही यंत्रे नकोत." मला तसे वाटत नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. त्याचे गोडवे गाणारे होते, तसे नाके मुरडणारेही होते. पण घरात तंबोरा विकत घेण्याची ऐपत नाही आणि जोडीला तो छेडणारे कुणी नाही, अशा कितीतरी मुलांचा रियाज त्याने चालू ठेवला. दोष यंत्राचा नाही. आपण ते शेजाऱ्याच्या डोळ्यांनी आणि जाहिरातीच्या तोंडाने निवडतो, हा दोष. 'सर्वांत चांगला हेडफोन कोणता?' हा प्रश्नच मुळी 'सर्वांत चांगला तंबोरा कोणता?' यासारखा अर्धवट आहे.

अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापूरच्या दरबारी आणले, ही गोष्ट या गावात कुणाला सांगायला नको. त्याआधी अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पूर्वीचा नव्हता. तेव्हा खाँसाहेबांनी जुन्या आवाजाची नक्कल केली नाही, आहे त्या आवाजाला शोभेल अशी गायकी घडवली. स्वतःला ओळखून साधन ठरवण्याचा एवढा मोठा दाखला आपल्या दारात असताना आपण दुकानातल्या पोराला विचारतो, "सध्या काय चालतंय?"

बेळगुंदीच्या त्या घरात मग आम्ही काय केले ते सांगतो. मुलीच्या रियाजासाठी एक छोटा स्पीकर, तंबोरा जिथे वाजावा तिथे, पाठीमागे थोडा बाजूला ठेवला. दोन्ही कान मोकळे. मुद्रणासाठी दोनशे-अडीचशे रुपयांचा तारेचा ईअरफोन, तोही एकाच कानात. तारेतून उशीर जवळपास होतच नाही. भारी हेडफोन तिच्या थोरल्या भावाने घेतला. तो बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात जातो आणि रोज बसमध्ये गाणी ऐकतो. बाहेरचा गलका दाबणारे यंत्र त्याला खरोखर हितकारक आहे, कारण गलका कमी झाला की आवाज चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो, ९० डेसिबलचा मात्र अवघे ४ तास. कान गेला तर तो मिरजेत दुरुस्त होत नाही.

राहिले आजोबा. त्यांच्या कानाला वयाप्रमाणे बारीक, उंच ध्वनी कमी येतात. त्यांचे श्रवणयंत्र बोलणे कळावे म्हणून जुळवलेले, त्यामुळे भजनातली पेटी त्यांना थरथरल्यासारखी वाटे. तपासनिसाकडे जाऊन त्याच यंत्रात संगीतासाठी निराळी जुळणी करून घेतली. नवे काही विकत घ्यावे लागले नाही. फक्त "तुम्हाला काय ऐकायचंय, आजोबा?" हे कुणीतरी विचारण्याची गरज होती.

एका घरात तीन माणसे आणि तिघांचे कान तीन तऱ्हेचे. घड्याळ असो, फोन असो की हेडफोन, घेण्यापूर्वी मिरजेच्या कारागिराचा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा. वापरणार कोण, कशासाठी, किती वेळ? मग दुकानात आपलेच रोजचे गाणे लावून, आपल्याच कानाने ऐकून पाहावे. किंमत त्यानंतर.

मुलीचा परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. तिची क्षमाही मागितली. गुरूने शिष्याची क्षमा मागावी हे आमच्या वडिलांना रुचले नसते. पण तिने "मला बरोबर ऐकू येतंय" म्हटले होते, आणि ऐकायला मीच कमी पडलो होतो.