हात उगारण्याआधी

रविवारी वंदनेनंतर विहारात पालक शिबिर झाले. मारल्याशिवाय पोर वळणावर येत नाही, असे आम्हीही म्हणत आलो. पाळीवरून दमून यायचे, प्रगतिपुस्तकातली लाल रेघ पाहिली की पट्टा काढायचा! शिबिरात एका ताईंनी विचारले, "मुलं प्रगतिपुस्तक लपवतात कशामुळे?" आम्ही गप्प. खोटेपणा आमच्या मारानेच शिकवला होता.

तथागतांनी राहुलला खोट्याचा दोष सांगितला तो भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून. पाणी ओतले, भांडे पालथे केले, प्रश्न विचारले. छडी कुठेच नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला. खोलीतला कोण करणार?

परवा पोराने गणिताचे बारा गुण स्वतःहून दाखवले. हात शिवशिवला, लपवायचे कशाला! मग वही घेऊन दोघे बसलो.