ॲपची परीक्षा कुणाच्या फोनवर घ्यायची?



ॲप तयार करणारी मुलं आता बऱ्याच शाळा-कॉलेजांत दिसतात. एमआयटी ॲप इन्व्हेंटरवर ठोकळे जोडून आठवी-नववीची मुलं प्रश्नमंजुषा बनवतात, पॉलिटेक्निकची मुलं अँड्रॉइड स्टुडिओत कॉटलिन लिहितात आणि कितीतरी शिक्षक पाढ्यांचं नाहीतर हजेरीचं ॲप स्वतःच करतात. बनवायचं कसं, हे भरपूर शिकवलं जातं. तपासायचं कशावर, यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: संगणकावरचा एम्युलेटर, नाहीतर सरांचा स्वतःचा फोन. माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत, आणि त्याचा भुर्दंड सरांना बसत नाही, पालकांना बसतो.

कसा ते बघा. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या आत चालणारा नकली फोन. अँड्रॉइड स्टुडिओत डिव्हाइस मॅनेजर उघडलं, एखादं पिक्सेल मॉडेल निवडलं, अँड्रॉइडची सिस्टिम इमेज उतरवून घेतली की फोन तयार. पण त्या फोनला प्रोसेसर कुणाचा? तुमच्या लॅपटॉपचा. स्टोरेज? लॅपटॉपच्या डिस्कवरचं. इंटरनेट? लॅबचं. म्हणजे जे ॲप तिथे भुर्रकन उघडतं, तेच 2 जीबी रॅमच्या, स्टोरेज भरलेल्या, भेगाळलेल्या काचेच्या फोनवर अर्धा मिनिट पांढरा पडदा दाखवत बसतं. पालक दोनदा प्रयत्न करतात, मग काढून टाकतात. आणि आपण शिक्षक-सभेत म्हणतो, "पालकांना काही पडलेलंच नाही." हा दोष पालकांचा नाही हो. आपण ॲपची परीक्षा भलत्याच फोनवर घेतली.

तरीसुद्धा एम्युलेटर टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्याची जागा कुठली, एवढंच समजून घ्या. जो प्रसंग हातातल्या फोनवर मुद्दाम घडवून आणणं अवघड, तो एम्युलेटरवर दोन मिनिटांत घडवता येतो. त्याच्या बाजूच्या पट्टीवरचे तीन ठिपके दाबा. तिथे नेटवर्क एजपर्यंत हळू करता येतं, बॅटरी 5 टक्क्यांवर आणता येते, खोटा फोन किंवा एसएमएस पाठवता येतो, लॅबमध्ये बसून गडचिरोलीचं लोकेशन देता येतं. प्रश्नमंजुषा सोडवताना मध्येच फोन आला तर मुलाचे गुण टिकतात का, हे तपासायला यापेक्षा सोपी सोय नाही.

आणि एक तपासणी तर आपण मराठी माणसांनी केलीच पाहिजे. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा आणि मग ॲप चालवा. गंमत बघायला मिळेल. अँड्रॉइडमध्ये मराठी भाषा निवडली की अंकांची ठरलेली पद्धत देवनागरी असते. तुमच्या कोडमध्ये तारीख किंवा आकडा साध्या फॉरमॅट पद्धतीने लिहिला असेल, तर 2025-06-16 ऐवजी २०२५-०६-१६ तयार होतं. पडद्यावर ते छानच दिसतं. पण तीच तारीख सर्व्हरला पाठवली की सर्व्हर म्हणतो, ही कसली तारीख? हजेरी जात नाही. इंग्रजी सेटिंगच्या फोनवर हे कधीच दिसणार नाही, आणि ॲप बनवणाऱ्याचा फोन हमखास इंग्रजीत असतो. उपाय अगदी छोटा आहे: यंत्राला पाठवायच्या मजकुरासाठी लोकेल रूट वापरायचं आणि माणसाला दाखवायच्या मजकुरासाठी फोनची भाषा. पण आधी चूक दिसायला तर हवी! मराठी मुलांसाठी मराठी ॲप करायचं आणि मराठी फोनवरच ते चालू नये, याला काय म्हणावं?

त्याच वेळी अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून बघा. आजी-आजोबांचे फोन तसेच असतात. बटणावरचं 'उत्तर तपासा' कापलं जाऊन नुसतं 'उत्तर' उरलेलं दिसेल.

आता एम्युलेटर चालू होत नसेल तर. सगळ्यात जास्त तक्रारी इथेच येतात आणि बहुतेकांचं मूळ एकच असतं: व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सखाली सीपीयू बघा. तिथे व्हर्च्युअलायझेशनपुढे डिसेबल्ड लिहिलं असेल तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स नावाने असतं, एएमडीच्या मशीनवर एसव्हीएम. दुसरं कारण रॅम. 16 जीबी असेल तर सुखाने चालतं, 8 जीबीवर रडतखडत, आणि 4 जीबीच्या लॅब-संगणकावर नादच सोडा. तिथे मुलांचा तास फिरणारं चक्र बघण्यात जातो. अशा शाळांना माझा सल्ला ऐका: नव्या रॅमसाठी अर्ज करत बसू नका, जुने फोन गोळा करा.

हो, जुने फोन. कपाटात पडलेले. गावात प्रत्येक तिसऱ्या घरी एक असतो. मला विचाराल तर ॲप शिकवणाऱ्या शाळेची खरी प्रयोगशाळा म्हणजे तीन फोन: एक जुना नि कमी रॅमचा, एक मधल्या वयाचा आणि एक बऱ्यापैकी नवा. तिघे वेगवेगळ्या कंपन्यांचे असावेत, कारण बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेलं ॲप कधी मारायचं, याचे नियम प्रत्येक कंपनीने आपापले केलेत. तुमची रोज संध्याकाळची अभ्यासाची सूचना एका फोनवर वेळेवर वाजेल आणि दुसऱ्यावर कधीच वाजणार नाही. हे एम्युलेटर सांगत नाही.

फोन घेताना मालकाला आधी त्यातून गुगल खातं काढायला सांगा, मगच रीसेट करा. नाहीतर रीसेटनंतर तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसेल. बॅटरी फुगलेला फोन फुकट मिळाला तरी घेऊ नका. सिमकार्ड, बँकेचं ॲप, यूपीआय असं काहीही त्यात नको. डेव्हलपर पर्याय चालू केलेल्या फोनवर काही बँकांची ॲप्स चालतच नाहीत, म्हणून कुणाचा रोजच्या वापरातला फोन यासाठी मागू नका.

मग सेटिंगमध्ये 'फोनविषयी'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा. मुलांना हा भाग फार आवडतो, जादूचं दार उघडल्यासारखा! डेव्हलपर पर्याय दिसले की यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा आणि फोनवर येणाऱ्या परवानगीला होकार द्या. संगणकाला फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला. बाजारातल्या कित्येक स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. अँड्रॉइड 11 पासून वायफायवरूनही जोडता येतं. ॲप इन्व्हेंटरवाल्यांना तर एवढंही लागत नाही, कंपॅनियन ॲपने क्यूआर कोड वाचला की झालं.

आयफोनचं काय, असं कुणी विचारेल. त्याचा सिम्युलेटर फक्त मॅकवर चालतो. आपल्या लॅबमध्ये मॅक नसतो. विषय संपला.

प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं असेल तर गुगलनेच आता एक अट घातली आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी सलग 14 दिवस बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. आधी 20 परीक्षक लागत, डिसेंबर 2024 पासून 12 पुरतात. पुष्कळ जण याला कटकट म्हणतात आणि मित्रांची 12 खाती गोळा करून मोकळे होतात. माझ्या मते आपल्यासाठी ही चालून आलेली संधी आहे. 12 जण शोधायचेच आहेत तर ते स्टाफरूममधले कशाला? वर्गातल्या मुलांच्या घरचेच 12 फोन घ्या. त्यात डेव्हलपर पर्यायही लागत नाहीत, नुसती लिंक पाठवायची. कुणाकडे कुठला फोन आहे, त्यात रॅम किती, अँड्रॉइडची कुठली आवृत्ती, भाषा कुठली, हे मुलांनाच वहीत लिहून आणायला सांगा. ज्या घरी फोन नाही, त्याचीही नोंद त्याच वहीत झाली पाहिजे, कारण त्या मुलासाठी हाच धडा छापील कागदावर लागणार आहे.