उपवासाची भगर आणि वाण्याची तपासणी

नवरात्र किंवा महाशिवरात्र सरली कीं वर्तमानपत्रांत एक वार्ता बहुधा ठरलेली असते. मराठवाड्यांतील अमुक गांवीं भगर खाऊन कित्येक मंडळींस उलट्या होऊं लागल्या, चक्कर आली, व त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. मागोमाग अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनीं दुकानें तपासून नमुने घेतले, असेंही छापून येतें. ही दुसरी वार्ता आमच्या सुशिक्षित घरांत दोन प्रकारें वाचली जाते. वडील मंडळी म्हणतात, "बरी खोड मोडली वाण्याची!" आणि स्त्रीवर्ग म्हणतो, "आमचा वाणी नाहीं हो तसला!" तपासणी म्हणजे वाण्यावर आलेलें संकट, हें दोघांनींही गृहीत धरलेलें असतें.

भगरींत, म्हणजे वरीच्या तांदुळांत, मुद्दाम कोणी विष कालवीत नाहीं. धान्य दमट जागीं राहिलें कीं त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते व तिच्यापासून फ्युमिगाक्लेव्हिनसारखीं विषद्रव्यें उत्पन्न होतात. पीठ तर हवेंतील ओलावा धान्याहूनही लवकर शोषून घेतें. म्हणून सुटें पीठ अधिक धोक्याचें. वाणी प्रामाणिक आहे म्हणून त्याच्या कोठाराची भिंत कांहीं ओल धरावयाची थांबत नाहीं! तीस वर्षांचा ऋणानुबंध माप आणि भाव यांची साक्ष देईल, बुरशीची देणार नाहीं. शिवाय उपवास करणारीं माणसें घरांत कोण? बहुधा सत्तरी उलटलेल्या आजीबाई, आणि त्यांच्या पाठोपाठ हौसेनें उपवास धरणारीं नातवंडें. बाधा झाली तरी "रिकाम्या पोटीं पित्त खवळलें" असें म्हणून आजीबाई निमूटपणें अंथरुणावर पडून राहतात, आणि घरास पत्ता लागत नाहीं.

आतां अधिकारी दुकानांत येऊन करतो काय तें पाहूं. अन्न सुरक्षा व मानकें कायदा २००६ सालीं झाला व ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणें अमलांत आला. तेव्हां १९५४ सालचा भेसळ प्रतिबंधक कायदा मागें पडला. नव्या कायद्याप्रमाणें अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानें घेतलेल्या मालाची चालू भावानें किंमत दुकानदारास द्यावी लागते. पृथक्करणासाठीं नमुना घेत असल्याची लेखी सूचना द्यावी लागते. मग नमुन्याचे चार भाग करून प्रत्येकावर मोहोर करावयाची व दुकानदाराची सही किंवा अंगठा घ्यावयाचा. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. त्यानें चौदा दिवसांत निर्णय कळवावयाचा असतो. दोन भाग वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यांत सुरक्षित राहतात. चौथा भाग, दुकानदारानें मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवितात. दोन निर्णय जुळले नाहींत तर राखून ठेवलेला भाग निर्देश प्रयोगशाळेकडे जातो व तिचा निर्णय अखेरचा. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास ही व्यवस्था फार न्याय्य वाटते. परीक्षकाच्या लहरीवर विद्यार्थ्याचें भवितव्य सोडूं नये, हेंच येथें वाण्याच्या बाबतींत केलें आहे. कोठारांत उंदीर, ओल अगर घाण आढळली तर सुधारणेची नोटीस देतां येते, आणि तिची मुदत चौदा दिवसांहून कमी असूं शकत नाहीं. निष्कारण त्रास देण्यासाठीं माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यासही दंडाची तरतूद आहेच.

हा अधिकारी साहेबांच्या राज्यांतून आला, असें कित्येकांस वाटतें. कौटिल्याच्या कंटकशोधन अधिकरणांत बाजारावर देखरेख करणारा संस्थाध्यक्ष आहे. धान्य, तेल, मीठ, औषधें यांत हीन पदार्थ मिसळणाऱ्यास बारा पण दंड तेथें सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत तोच दंड सोळा पणांचा झाला. माझी तक्रार इतकीच कीं, आमचे आजचे संस्थाध्यक्ष पुष्कळदां लोक आजारी पडल्यावर येतात. भगर भिजते ती पावसाळ्यांत. तपासणी घटस्थापनेपूर्वी व्हावयास हवी.

परंतु अधिकाऱ्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. याच कायद्याच्या चाळिसाव्या कलमानें गिऱ्हाइकासही फी भरून विकत घेतलेला पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेतां येतो. आपला तसा हेतु खरेदीच्या वेळींच दुकानदारास सांगावा लागतो. पदार्थ सदोष ठरल्यास फी परत मिळते. रोजच्या व्यवहारांत इतकें कोणी करणार नाहीं हें खरें. पण बिल मागणें तर हातचें आहे. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर दुकानाचा चौदा आंकडी अन्न परवाना क्रमांक असावा लागतो. वाण्यानेंही आपल्या घाऊक व्यापाऱ्याचें बिल जपून ठेवावें. माल कोणाकडून आला हें सांगतां आलें नाहीं तर कायदा त्याचाच गळा धरतो. बिल असेल तर तेंच व्यापाऱ्याची हमी समजलें जातें. सुनेनें बिल मागितलें म्हणून सासूबाईंनीं "शेटजींस काय वाटेल?" असा संकोच करूं नये. ज्याच्याजवळ दाखविण्यास कागद आहे, त्या शेटजींस कांहीं वाटत नाहीं.

भगर बंद पाकिटांतली घ्यावी, वरील तारीख वाचावी, ती निवडून व स्वच्छ करून घरींच लागेल तेवढी दळावी. मागच्या एकादशीचें पीठ डब्यांत उरलें असेल तर तें आजच टाकून डबा उन्हांत ठेवावा.